चारच्या आतला आकडा

पेण, अलिबाग, रोहा, महाड, श्रीवर्धन: रायगडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आज रक्ततपासणीची लॅब आहे आणि साठीच्या आसपासचे पुरुष तिथे पीएसए करून घेतात. कागदावर २.१ असा आकडा येतो, शेजारी '० ते ४ नॉर्मल' असं छापलेलं असतं, आणि घरी सांगितलं जातं, "प्रोस्टेटचं काही नाही, रिपोर्ट चांगला आलाय." बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण हा आकडा मुळात काय मोजतो, हे पाहू लागलं की शरीराच्या रचनेने माणूस थक्क होतो, आणि 'नॉर्मल' या शिक्क्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो.

प्रोस्टेट ही तरुणपणी २०-२५ ग्रॅम वजनाची ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली. वीर्यातला काही द्रव ती तयार करते आणि त्या द्रवात पीएसए नावाचं एक प्रथिन सोडते. त्याचं काम ठरलेलं: घट्ट झालेलं वीर्य पातळ करायचं, म्हणजे शुक्राणूंना पोहायला वाट मिळते. रक्तात त्याला काहीही काम नाही. वीर्यात त्याचं प्रमाण रक्ताच्या सुमारे दहा लाख पट असतं. रक्ततपासणीत आपण मोजतो ते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. एका मिलिलिटर रक्तात असे चार अब्जांश सापडले तर डॉक्टरांची भुवई उंचावते.

इतकं प्रचंड अंतर राखलं कसं जातं? खाडीकाठच्या माणसाला हे चटकन उमगेल. शहापूर-धेरंडकडच्या खारबंदिस्तीत बांधाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. बांध शाबूत असेल तर थोडासा पाझर होतो, त्याने पिकाचं बिघडत नाही. उधाणाला खांड पडली की मात्र खारं पाणी शेतात पसरतं. प्रोस्टेटच्या आतल्या बारीक नळ्या पीएसएने भरलेल्या असतात आणि पलीकडे रक्तवाहिन्या. मधला बांध म्हणजे पेशींचे दोन थर आणि त्यांच्याखालचा एक पातळ पडदा. लॅबच्या कागदावर जो आकडा येतो, तो या बांधातून झालेला पाझर असतो.

कर्करोगाच्या पेशी जास्त पीएसए बनवतात म्हणून आकडा वाढतो, असं आपण धरून चालतो. एकेका पेशीचा हिशेब केला तर उलटच दिसतं. कर्करोगाची पेशी निरोगी पेशीपेक्षा कमीच पीएसए बनवते. आकडा वाढतो तो बांध मोडल्यामुळे: पेशींचा बाहेरचा थर नाहीसा होतो, पडदा फाटतो, आणि जे नळीतून मूत्रमार्गात जायचं ते ऊतींत झिरपून रक्तात शिरतं. वय वाढल्यावर ग्रंथी नुसतीच फुगली तरी पाझर वाढतो. जंतुसंसर्गाने सूज आली तर तो खूपच वाढतो. म्हणून वाढलेला पीएसए म्हणजे कर्करोगच असं मुळीच नाही, आणि ही गोष्ट आता बऱ्याच घरांना माहीत झाली आहे. दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. गाठ आहे, पण तिने बांध फारसा मोडलेला नाही, तर रक्त गप्प राहतं. आणि काही थोड्या रुग्णांत पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की प्रोस्टेटची पेशी म्हणून जे काम करायचं तेच त्या विसरतात. त्या पीएसए बनवणंच जवळजवळ सोडून देतात. आजार जोरात, आकडा खाली. लघुपेशी प्रकारचा कर्करोग हा असाच. तो विरळा आहे, पण असतो.

मग चारची रेघ आली कुठून? या प्रथिनाचा शोध कर्करोगाच्या मागावर असताना लागला असं सरळ म्हणता येत नाही. १९७१ साली जपानमध्ये हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वीर्यात ओळखलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर न्यायवैद्यक काम होतं: गुन्ह्याच्या जागी सापडलेला डाग वीर्याचा आहे का, हे ठरवणं. १९७९ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत ते प्रोस्टेटच्या ऊतीतून शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. १९८६ साली तिथल्या सरकारी यंत्रणेने या तपासणीला मान्यता दिली ती आधीच कर्करोग झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानासाठीची मान्यता १९९४ ची. चारचा आकडा हा सोयीचा उंबरठा होता. निसर्गाने तिथे कुठलीही भिंत घातलेली नाही, हे पुढच्या दहा वर्षांत एका प्रयोगाने दाखवून दिलं.

तो प्रयोग भलत्याच कारणासाठी सुरू झाला होता. १९९३ पासून अमेरिकेत १८,८८२ पुरुषांवर फिनास्टेराइड या गोळीने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे तपासलं जात होतं. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना गोळीसारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आखणी करणाऱ्यांनी एक विलक्षण अट घातली होती. सात वर्षांनंतर प्रत्येकाला बायोप्सी सुचवायची, मग त्याचं रक्त काहीही सांगो. एरवी निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या प्रोस्टेटमध्ये सुई घालायला कोण तयार होणार? त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवाल्यांच्या ग्रंथीत खरोखर काय असतं, हे तोवर कुणालाच कळलेलं नव्हतं. हजारो माणसं तयार झाली, हे मला त्या प्रयोगातलं सर्वांत मोठं दान वाटतं.

औषध नसलेल्या गटातल्या २,९५० पुरुषांचा पीएसए सातही वर्षं चारच्या वर गेला नव्हता आणि बोटाने केलेली तपासणीही निर्दोष होती. इयान थॉम्पसन यांच्या गटाने २००४ मध्ये निष्कर्ष छापले. त्या २,९५० पैकी ४४९ जणांना, म्हणजे १५.२ टक्क्यांना, कर्करोग निघाला. पीएसए ०.५ किंवा त्याहून कमी असलेल्यांतही ६.६ टक्के. ३.१ ते ४ च्या पट्ट्यात २६.९ टक्के. खालपासून वरपर्यंत धोका हळूहळू चढत जातो, आणि चारपाशी काहीच वेगळं घडत नाही. साडेतीनवाला आणि साडेचारवाला यांच्यात कागदावर एक ठळक अक्षर असतं, शरीरात नसतं.

हे वाचून घाबरायच्या आधी पुढचा आकडाही पाहायला हवा. त्या ४४९ पैकी ६७ जणांचाच कर्करोग जोरकस प्रतीचा होता. म्हणजे नॉर्मल पीएसए असलेल्या शंभरांत पंधरा जणांच्या ग्रंथीत कर्करोग, पण काळजी करावी असा दोघांच्या आसपास. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा इतका संथ, की तो सोबत घेऊनच माणूस आयुष्य पुरं करतो. दुसऱ्याच कारणाने वारलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनातही असे कर्करोग नेहमी सापडतात. तेव्हा खरा प्रश्न असा: नॉर्मल रक्ताच्या शंभर माणसांतून ते दोघं शोधायचे कसे, आणि बाकीच्यांना विनाकारण सुई, शस्त्रक्रिया, लघवीवरचा ताबा जाणं यांपासून वाचवायचं कसं?

पहिली मदत त्याच आकड्यातून मिळते, फक्त तो एकटा वाचायचा नाही. समजा दोघांचाही पीएसए ३.५ आहे. एकाची ग्रंथी सोनोग्राफीत ७० मिलिलिटर भरली, दुसऱ्याची २०. पहिल्याच्या एवढ्या मोठ्या ग्रंथीतून एवढा पाझर होणारच. भागाकार केला तर ०.०५ येतो. दुसऱ्याच्या एवढ्याशा ग्रंथीतून तितकाच पाझर म्हणजे कुठेतरी काहीतरी गडबड असू शकते. भागाकार ०.१७ च्या वर जातो आणि ०.१५ ही मर्यादा ओलांडतो. डॉक्टर याला पीएसए घनता म्हणतात. दोन रिपोर्ट आणि एक भागाकार, खर्च काहीच नाही. तसंच आकड्याच्या वाटचालीचं. तीन वर्षं ०.९ वर असलेला पीएसए २.८ झाला, तर तो चारच्या आतच आहे, पण वाट बदललेली आहे. पुन्हा करून बघायलाच हवा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. लघवीची धार बारीक झाली, रात्री तीनदा उठावं लागतं, म्हणून ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांत फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असतं, पुष्कळदा टॅम्सुलोसिनच्या जोडीने एकाच गोळीत. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर ही औषधं पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. कागदावर ३.२ आला तर तो ६.४ समजून वाचायचा असतो. लॅबला हे माहीत नसतं. तिचं यंत्र ३.२ छापतं आणि शेजारी नॉर्मल लिहितं. टक्कल पडू नये म्हणून तरुण मुलं घेतात त्या छोट्या मात्रेच्या फिनास्टेराइडनेही हेच होतं. शरीर स्थूल असलं तरी आकडा थोडा खाली येतो, कारण रक्ताचं आकारमान वाढतं आणि तेवढंच प्रथिन जास्त रक्तात पातळ होतं.

तिसरी गोष्ट बोटाची. गुदद्वारातून बोट घालून डॉक्टर प्रोस्टेटची मागची बाजू चाचपतात. आपल्याकडे पुरुष या तपासणीला लाजतात आणि डॉक्टरही घाईत ती टाळतात. सगळ्यांसाठी चाळणी म्हणून बोट तोकडं पडतं, लहान गाठ त्याला लागत नाही. पण बहुसंख्य कर्करोग ग्रंथीच्या मागच्या, बाहेरच्या भागातच उगवतात, नेमके बोट पोहोचतं तिथे. एखादी जागा दगडासारखी टणक लागली, तर पीएसए १ असला तरी तपास पुढे न्यावाच लागतो.

आता चुंबकाकडे येऊ, कारण या गोष्टीतला सर्वांत मोठा चमत्कार तिथे आहे. आणि चुंबकाचं नाव काढलं की रायगडच्या माणसाला अलिबाग आठवायला हवं.

मुंबईच्या कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून वेधशाळा होती आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात. पुढे मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेचे प्रवाह जवळून गेले की चुंबकाची नाजूक सुई बिथरते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ही उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला हलवली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. अलिबागच्या इमारती बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. त्या नोंदी आजही चालू आहेत, आणि त्यांचा सांभाळ करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था रायगड जिल्ह्यातच, नवी पनवेलला आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अलिबागला सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला भरतं. होकायंत्राची सुई फिरवण्यापुरतं.

प्रोस्टेटचा एमआरआय काढणारं चांगलं यंत्र ३ टेस्लाचं असतं: अलिबागच्या त्या क्षेत्राच्या जवळपास ७० हजार पट. तिथेही लोखंडाला बंदी आहे, कारण साधी कात्रीसुद्धा खेचली जाऊन रुग्णावर आदळू शकते. हा अवाढव्य चुंबक पाहतो ते पाण्यातला हायड्रोजन. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक. एका घन मिलिमीटर पाण्यात असे ६७ वर अठरा शून्यं इतके प्रोटॉन असतात. यंत्रात शिरल्यावर ते सगळे शिस्तीत उभे राहतात असं वाटेल. पण शरीराच्या उष्णतेत बहुतेक एकमेकांना रद्द करतात. दहा लाखांमागे जेमतेम दहांचं पारडं चुंबकाच्या दिशेने जड होतं. त्या दहांच्या जोरावर अख्खं चित्र उभं राहतं! ते सेकंदाला जवळपास १२ कोटी ८० लाख गिरक्या घेतात, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं वर. तेवढ्याच कंपनसंख्येची रेडिओलहर सोडली की ते कलतात, आणि परत सावरताना स्वतःच एक क्षीण लहर सोडतात. ती ऐकू यावी म्हणून एमआरआयच्या खोलीला तांब्याचं आवरण करून बाहेरचा रेडिओ रोखावा लागतो.

या विद्येत मुंबईचाही वाटा आहे. ब्लॉक आणि पर्सेल यांना या मूळ शोधासाठी १९५२ चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी स्टॅनफर्डला आर्नॉल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर डॉ. एस. एस. धर्मट्टी यांनी अल्कोहोलच्या एकाच रेणूतले वेगवेगळ्या जागी बसलेले हायड्रोजन या पद्धतीने वेगळे ओळखून दाखवले. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भारतात या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. त्यातून शरीराची चित्रं काढण्याची युक्ती लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांची. त्यांचं नोबेल २००३ चं.

प्रोस्टेटची निरोगी बाहेरची बाजू द्रवाने भरलेल्या नळ्यांची असते, म्हणून चित्रात उजळ दिसते. कर्करोगात पेशी दाटीवाटीने भरतात, द्रवाला जागा उरत नाही, तो भाग काळवंडतो. पण याहून सुंदर चित्र दुसरं. १९८६ साली फ्रान्सच्या देनी ल बिआन यांनी पाण्याच्या रेणूंची भटकंती एमआरआयने मोजता येते, हे दाखवलं. मोकळं पाणी शरीराच्या तपमानाला सेकंदाच्या विसाव्या भागात सुमारे १७ मायक्रोमीटर सरकतं. एवढ्या अंतरात एखाद-दुसरी पेशी मावते. कर्करोगाच्या गाठीत पेशी इतक्या खेटून असतात की पाण्याला तेवढंही फिरता येत नाही. यंत्र ही कोंडी पकडतं आणि त्या जागी ठिपका दाखवतं. त्या माणसाचं रक्त काय म्हणतं, याच्याशी या ठिपक्याचा संबंध नाही. पीएसए बांधापलीकडचा पाझर मोजतो. एमआरआय थेट आत जाऊन पाण्याला विचारतो, तुला हलायला जागा आहे का?

२०१७ साली ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर हे पारखलं गेलं. महत्त्वाच्या कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले, तर जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने, म्हणजे ठरावीक जागी अंदाजाने सुया घालून, ४८ टक्के. आणि २०२३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ५० ते ७५ वयाच्या ३०३ पुरुषांना पीएसए काहीही असला तरी एमआरआयसाठी बोलावलं. ४८ जणांच्या ग्रंथीत संशयास्पद जागा दिसली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा पीएसए ३ च्याही आत होता. हे लोक रक्ततपासणीच्या भरवशावर घरी गेले असते.

म्हणून सगळ्यांनी एमआरआय काढावा का? मला तसं वाटत नाही. तो खर्चिक आहे, काही गाठी त्यालाही दिसत नाहीत, आणि जुन्या सुजेचे डागही तो संशयित म्हणून दाखवतो. पहिल्या ब्रिटिश अभ्यासातच ज्यांना महत्त्वाचा कर्करोग नव्हता अशा निम्म्याहून अधिक जणांना एमआरआयने उगीच संशयात धरलं होतं. शिवाय सापडलेला प्रत्येक कर्करोग कापायचाच, हा हट्टही आता मागे पडला आहे. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात १,६४३ पुरुषांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार दिले, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेल्यांचं प्रमाण होतं २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. बायोप्सीत संथ प्रकार निघाला तर लक्ष ठेवून थांबणं हा धाडसी नाही, शहाणपणाचा निर्णय असतो.

आणि जेव्हा आजार खरंच जोरकस निघतो, तेव्हा त्याचा माग काढायची साधनंही या किनाऱ्यापासून दूर नाहीत. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं. नाव सारखं असलं तरी ते पीएसए नव्हे, ते पेशीलाच चिकटून असतं. त्याला धरणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ जोडून शिरेत सोडलं की पेट स्कॅनमध्ये हाडात दडलेली गाठही उजळते. या गॅलियमचं अर्धायुष्य अवघं ६८ मिनिटांचं. त्याच जागी ल्युटेशियम-१७७ जोडलं की तेच उपचार होतं. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, घारापुरीच्या लाँचमधून ज्या किनाऱ्यावरचे घुमट दिसतात तिथे. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र तर रायगडच्याच पनवेल तालुक्यात, खारघरला आहे. 'टाटाला न्यायचं' म्हणजे परळच, असं आता राहिलेलं नाही.

पीएसए ही वाईट तपासणी आहे, असं यातून कुणी घेऊ नये. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ती करावी; वडील किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर त्याआधीच. आई-बहिणीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तरीही, कारण बीआरसीए-२ या जनुकातला दोष बायकांत तिथे दिसतो आणि पुरुषांत प्रोस्टेटमध्ये, तोही जोरकस रूपात. असा वारसा असेल, बोटाला टणक जागा लागली असेल, लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसलं असेल, कंबरेचं हाड महिनोन्महिने दुखत असेल, तर चारच्या आतला आकडा दाखवून कुणी परत पाठवलं तरी युरोलॉजिस्टकडे जावं आणि एमआरआयची गरज आहे का, हे स्पष्ट विचारावं.

एवढी विनंती आहे. रक्त द्यायला जाताना चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या. जुने सगळे पीएसए रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा, सोनोग्राफीतलं प्रोस्टेटचं आकारमान त्यावर लिहून ठेवा. आणि घरात कुणाला कोणता कर्करोग झाला होता, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून सांगा.